बाजू कोणती, हाच प्रश्न होता

यंदा प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो, तर सोबत आलेल्या आदर्श उत्तरात तेच जुनं वाक्य: मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव रक्तातून गाळून तयार होतो. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे झोंबतं. हा द्रव नुसता गाळला जात नाही. मेंदूच्या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाची झालर असते. तिच्यावरच्या पेशी आयन ढकलून, ऊर्जा खर्चून दिवसाला सुमारे अर्धा लिटर द्रव तयार करतात.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध भरभर ओलांडला तरी चालेल. मेंदूचे शल्यविशारद कुशिंग आणि डँडी यांच्यापैकी कुशिंगने शस्त्रक्रियेत या झालरीवर द्रव पाझरताना पाहिला, डँडीने डोक्यात पाणी झालेल्या बाळांची ती झालरच काढून पाहिली. थांबायचं ते १९७३ पाशी. अर्नेस्ट राइट आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये सोडियम पंप शोधला आणि तो भलत्याच बाजूला सापडला. मूत्रपिंडात, आतड्यात हा पंप पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला असतो. इथे तो पोकळीकडे तोंड करून बसलेला. तीन सोडियम द्रवात टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, हे त्याचं काम. रक्ताकडच्या अंगाने सोडियम आणि बायकार्बोनेट आत येत राहतात.

मी जगलो ते २०१० नंतरचं दशक. त्याची सुरुवातच माझ्या दृष्टीने चुकली. २०१२ मध्ये मेंदूतला कचरा वाहून नेणाऱ्या ग्लिम्फॅटिक व्यवस्थेचा शोध आला आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक परिषदेत, प्रत्येक रविवारच्या पुरवणीत तोच विषय. शोध मोलाचा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण जे पाणी वाहतं ते येतं कुठून, हे विचारणाऱ्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. पाणी आयनांच्या मागोमाग ऑस्मोसिसने येतं, संपला विषय, असं मला एका चर्चासत्रात सुनावण्यात आलं. विरुद्ध दिशेचा ऑस्मोटिक दाब असतानाही या पेशी द्रव स्रवतात, हे १९६०च्या दशकात बकऱ्यांवर दिसलेलं होतं. ते ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

उत्तर २०१८ मध्ये कोपनहेगनहून आलं. नॅना मॅकॉले यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत थेट ब्युमेटनाइड सोडलं आणि द्रवाची निर्मिती जवळजवळ निम्म्यावर आली. हे औषध एनकेसीसी१ हा वाहक रोखतं. एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड अशी मोळी तो पेशीतून द्रवात नेतो आणि तिच्याबरोबर पाण्याचे रेणूही. हा वाहकही पोकळीकडच्याच अंगाला. म्हणून औषध पोकळीतच सोडावं लागलं; रक्तातून ते तिथवर नीट पोचत नाही.

त्याआधीच्या वर्षी उंदरांत दिसलं होतं, की पोकळीत रक्तस्राव झाला की दाह होतो, हाच वाहक चेकाळतो आणि स्राव जवळजवळ तिप्पट होतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत नेमका हाच रक्तस्राव होतो आणि डोक्यात पाणी साठतं. त्यांच्यावरची ॲसेटाझोलामाइड आणि फ्युरोसेमाइड या स्राव कमी करणाऱ्या औषधांची चाचणी १९९८ मध्ये फसली होती. फायदा नाहीच, उलट अपाय दिसला. तेव्हापासून आजतागायत त्यांच्यापुढे शंट, म्हणजे साठलेला द्रव वाहून नेणारी नळी, आणि शस्त्रक्रियाच. शंट तुंबतो, जंतुसंसर्ग होतो, बाळ पुन्हा टेबलावर येतं.

२०२१ मध्ये बोस्टनच्या गटाने आणखी गुंता दाखवला: नवजात उंदरांत एनकेसीसी१ उलटा चालतो, पोटॅशियमबरोबर पाणीही पेशीत ओढून घेतो. म्हणजे बाळाचं वय किती, यावर औषध तारक ठरेल की मारक हे अवलंबून. बालरोगतज्ज्ञ होणाऱ्या मुलांना हे पहिल्याच वर्षी कळायला हवं. त्यासाठी पूर्वी मला सलग दोन तास मिळायचे. आता या विषयाला एक स्लाइड आहे, आणि त्या स्लाइडवर पंपाची बाजूच दाखवलेली नाही.