पडणं हा खेळ कधी झाला?

मंडळी, पॅराशूट म्हटलं की भोकरच्या घराघरांत आधी खोबरेल तेलाची निळी बाटली आठवते. आज बोलायचंय ते दुसऱ्या पॅराशूटबद्दल, आपल्या जुन्या शब्दात हवाई छत्रीबद्दल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण बघा, पडण्याची भीती लेकराला पाळण्यापासून असते. मग माणूस हौसेनं, वर पदरचे पैसे मोजून, कधीपासून पडायला लागला?

शब्दातच एक खूण आहे. 'पॅराशूट' म्हणजे फ्रेंचमध्ये पडण्यापासून बचाव. तो शब्द लुई-सेबास्तियाँ लेनोर्मां यांनी रूढ केला. १७८३ मध्ये त्यांनी मोंपेलिए इथल्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीसारखं साधन घेऊन उडी घेतली. डोक्यात विचार कुठला, तर आग लागलेल्या इमारतीतून माणसं वाचवायची. म्हणजे हे औषध होतं, हौस नव्हे.

हौस आली ती तमाशासारखी. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ बलूनमधून सुमारे १,००० मीटर वर गेले आणि दोर कापून रेशमी छत्रीखालच्या टोपलीत बसून खाली आले. टोपली पाळण्यासारखी जोरजोरात हेलकावत होती. कारण सोपं आहे. छत्रीत कोंडलेली हवा एकदा या काठाखालून निसटायची, एकदा त्या. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवलं, हवेला मधोमध वाट मिळाली आणि हेलकावे आटोक्यात आले. लोक तिकीट काढून असल्या उड्या बघायचे. आपण जत्रेत 'मौत का कुआँ' बघतो ना, तसं. पण बघ्यांची गर्दी जमली म्हणजे खेळ झाला, असं मी मानत नाही.

माझ्या मते खरा वळणबिंदू १९१९ चा. तोवर पुष्कळांची समजूत होती की मोकळं पडणारा माणूस बेशुद्ध होईल, त्याला हात हलवता येणार नाही. २८ एप्रिलला अमेरिकेत लेस्ली आयर्विन यांनी विमानातून उडी घेतली, काही क्षण तसेच पडले आणि मग स्वतःच्या हातानं दोरी ओढली. उतरताना घोटा मोडला, पण समजूतही मोडली. छत्री कधी उघडायची हे आता पडणाराच ठरवू शकत होता. निर्णय आला, कौशल्य आलं. आणि कौशल्य आलं की स्पर्धा येतेच.

सैनिकाची उडी वेगळी. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ आपली २ पॅरा बटालियन उतरली आणि तिनं पुंगली पूल ताब्यात घेतला. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची, ही आपल्याला ठाऊक असावी अशी गोष्ट. अशा उडीत छत्रीची दोरी विमानातच अडकवलेली असते. जवान बाहेर पडला की ती आपोआप उघडते. उंची थोडी, विचाराला वेळ नाही. तिथं धैर्य अफाट आहे, पण ते आज्ञेचं धैर्य आहे.

खेळाकडे येऊ. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ब्लेड इथं पहिली जागतिक स्पर्धा झाली. आखलेल्या खुणेच्या जितकं जवळ उतराल तितकं बरं. गोल छत्री मात्र बरीचशी वाऱ्याच्या मर्जीवर चालते. १९६४ मध्ये डोमिना जाल्बर्ट यांनी कप्प्याकप्प्यांची चौकोनी छत्री काढली. कप्प्यांत हवा भरली की ती पंखासारखी होते, वळवता येते. आता नुसतं पडणं उरलं नाही, उडणंही आलं.

आणि आपल्या पुण्याच्या शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंशांत, २,४०० फुटांवरून उडी घेतली. सरावाची एकही उडी नाही, आयुष्यातली पहिलीच ती! मला विचाराल तर कुठल्याही विद्यार्थिनीला मी असा सल्ला देणार नाही. त्या उडीत धाडस बाईंचं, पण हुकमत यायची बाकी होती. ती पुढच्या शेकडो उड्यांनी आली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी उडी घेतली आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. नऊवारीचं बातम्यांत कौतुक फार झालं. मला विचार पडतो तो वेगळाच: ताशी सुमारे २०० किलोमीटरच्या वेगानं पडताना तो घोळ सांभाळायचा, उंचीमापकावर नजर ठेवायची आणि नेमक्या क्षणी हात दोरीकडे न्यायचा.