नाल कुठे लपते?
(लेखांक ५)

केज परिसरातल्या पोलीस छाप्यांच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्याला पत्त्यांच्या जुगाराची नावं आपसूक पाठ होतात. तिर्रट, झन्नामन्ना, अंदर-बाहर. शेडमध्ये किंवा झाडाखाली गोल करून बसलेले पाच-सात जण, रोख रक्कम, मोबाइल, मोटारसायकली असा मुद्देमाल आणि महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ (अ). हा कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्यासाठी केलेला. केज तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तो इकडे पुष्कळ उशिरा आला.

तेच अंदर-बाहर पणजीला मांडवीतल्या जहाजावर उजळ माथ्याने खेळता येतं. गोव्याने १९९२ मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली. कॅसिनोसाठीचा कायदा महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये केला होता. तो ४७ वर्षं एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गंमत म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई केली आहे. नेपाळातही तोच न्याय: काठमांडूत १९६८ पासून कॅसिनो आहे, पण नेपाळी नागरिकाला आत मज्जाव. पाहुण्याने मात्र खुशाल हरावं!

अंदर-बाहर समजायला अर्धा मिनिट पुरतो. डीलर कॅट पिसून एक पान उलटतो. समजा, बदामाची सत्ती. मग एक पान आत, एक बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुसरी सत्ती ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. डोकं चालवायला जागाच नाही. पण एक बारीक फरक आहे. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू शंभरातून सुमारे साडेएक्कावन्न वेळा जिंकते. गावातल्या अड्ड्यावर हा दीड टक्का कुणी मोजत नाही. तिथे अड्डेवाला आपली नाल, म्हणजे डावातला आपला वाटा, उघडउघड काढून घेतो. कॅसिनोत तशी नाल कुणी मागत नाही. पहिल्या पानाच्या बाजूवर जिंकलात तर रुपयाला साधारण नव्वद पैसे, दुसऱ्या बाजूवर जिंकलात तर पुरता रुपया. या हिशोबाने पहिल्या बाजूवर लावलेल्या शंभरामागे सरासरी सव्वादोन रुपयांच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूवर तीन रुपये घराचे होतात. नाल आहेच, फक्त ती दिसत नाही.

तिर्रटवाल्याची खरी पंचाईत लंडनला किंवा लास वेगासला होते. तिथे त्याला 'थ्री कार्ड पोकर'चं टेबल दिसतं. डेरेक वेब या ब्रिटिश खेळाडूने १९९४ मध्ये हा खेळ काढला. तीन पानं, जोडी, कलर, सिक्वेन्स, सगळं ओळखीचं; म्हणून माणूस बिनधास्त बसतो. पण इथे समोर डीलर एकटा. ब्लाइंड नाही, चाल वाढवून समोरच्याला पॅक करायला लावणं नाही, म्हणजे तिर्रटचा जीवच काढून घेतलेला. आधी पैसे लावायचे, पानं बघायची, मग तेवढेच आणखी लावायचे नाहीतर सोडून द्यायचं. डीलरकडे निदान राणी नसेल तर त्याचा डाव धरलाच जात नाही: पहिल्या पैशांवर दामदुप्पट मिळते, दुसरे जसेच्या तसे परत येतात. हातात सिक्वेन्स किंवा त्याहून भारी पानं असली तर मात्र पहिल्या पैशांवर वेगळा बोनस मिळतो.

त्याहून मोठा धक्का पानांच्या क्रमाचा. आपल्याकडे ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यांत वर. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत ट्रेल ५२ आणि एकाच रंगाचे सिक्वेन्स ४८. जे दुर्मीळ ते भारी, असं म्हटलं तर सिक्वेन्स वर हवा आणि तिथे तो तसाच आहे. म्हणजे तीन राजे हातात असून माणूस इस्पिकच्या चव्वी-पंजी-छक्कीपुढे हरू शकतो. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे एक्का-राजा-राणीच्या लगेच खाली बसते. तिथे ती सिक्वेन्समध्ये सगळ्यांत हलकी. तिर्रटचा इंग्रजी भाऊबंद 'ब्रॅग' तर आणखी लहरी आहे: त्यात तीन तिर्र्या सगळ्यांना भारी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याच्या खेळांत बसवलं, तेव्हा वेगळेपणा दाखवायला समोर ठेवला तो हाच फ्लश-ब्रॅगचा तीनपानी खेळ.

फाशांचीही एक जुनी ओळख अशीच दूरवर भेटते. उत्तर भारतातली झंडी-मुंडी आणि नेपाळचा लंगूर-बुर्जा सहा चित्रांवर चालतात: पत्त्यांचे चार रंग, मुकुट आणि झेंडा. झेंड्याच्या जागी नांगर ठेवला की ब्रिटिश खलाशांचा 'क्राउन अँड अँकर' झाला. बर्म्युडात दरवर्षी दोन दिवसांच्या 'कप मॅच' क्रिकेट सामन्याला मैदानालगत त्याचे फड लागतात. फासे तीन. चित्र एकावर आलं तर लावले तेवढे मिळतात, दोनांवर दुप्पट, तिन्हींवर तिप्पट.

दिसायला सौदा अगदी सरळ. पण सहाही चित्रांवर शंभर-शंभर लावून पाहिलं की नाल सापडते. तिन्ही फासे वेगळे पडले तर तीन चित्रांचे तीनशे जातात, तीनशे येतात, बरोबरी. दोन सारखे पडले तर चारशे जातात आणि येतात तीनशेच. तिन्ही सारखे पडले तर पाचशे जाऊन तीनशे येतात.

(पुढील भागात: मकाऊचा सिक बो)