कुटुंब आणि समाजासाठी वेचलेली स्त्री-जीवने : स्मरण व नोंद
(खानदेशच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली वसाहत होय. सहकार क्षेत्रातील नेते पी. के. अण्णा तथा पुरुषोत्तम पाटील यांचे स्मरण या नावात आहे. कर्त्या पुरुषाचे नाव गावाला, चौकाला, सभागृहाला देण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे व ती गैरही नाही. परंतु त्याच वसाहतीत, त्याच शिवारात ज्या स्त्रियांनी पन्नास-पन्नास वर्षे घर, शेत, गोठा आणि शेजारधर्म सांभाळला त्यांचे स्मरण कोठे राहते, असा प्रश्न केल्यास उत्तर चटकन देता येत नाही. वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीचा चौकोन, उत्तरकार्याची पत्रिका आणि फार तर एखाद्या स्मरणिकेतील दोन पानांचा लेख, एवढीच ती ठिकाणे. तेथे भेटणारी विशेषणेही ठरलेली असतात : प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, धर्मपरायण, त्यागमूर्ती. छायाचित्र बदलले तर तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही बाईला चालून जातो.

ही विशेषणे खोटी असतात असे मुळीच नाही. मात्र त्यांतून त्या स्त्रीने नेमके काय केले हे समजत नाही. गौरव आणि स्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्मरणासाठी नाव लागते, कामाचा तपशील लागतो, शक्य असल्यास तिचे स्वतःचे शब्द लागतात आणि ते वेळेवर कागदावर उतरवणारा कोणीतरी लागतो. प्रस्तुत लेखात काही मराठी उदाहरणांच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बहिणाबाई : वेळेवर झालेल्या नोंदीचे उदाहरण

याचे सर्वांत जवळचे उदाहरण खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील आसोदे येथे महाजन कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तिशीत वैधव्य आले. ओंकार, सोपानदेव व काशी ही तीन मुले, शेती आणि एकत्र कुटुंबाच्या वाटण्या-भांडणांतून उरलेला संसार त्यांनी निभावला. अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसता, शेतात राबता त्या गाणी रचत.

येथपर्यंतचा वृत्तान्त खानदेशातील हजारो स्त्रियांना लागू पडेल. तरुणपणी विधवा झालेली, निरक्षर, कुणबिकीवर मुले वाढवणारी बाई त्या काळी प्रत्येक गावात होती. त्यांपैकी किती जणी गाणी रचत असतील हे सांगण्यास कोणतेही साधन नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत वेगळे घडले ते एवढेच की, पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ते लेखन आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविले आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. हयात असेपर्यंत त्या घरच्यांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच होत्या. महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते मृत्यूनंतर.

या घटनेचा एक पैलू सहसा दुर्लक्षित राहतो. उतरवून घेणाऱ्यांनी बहिणाबाईंची बोली तशीच ठेवली. स्वतः कवी असलेल्या सोपानदेवांना आईची रचना प्रमाण मराठीत 'सुधारणे' अशक्य नव्हते. तसे झाले असते तर एका साध्वी मातेचे पवित्र विचार तेवढे हाती आले असते. घरोट, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा आणि विधवेला डिवचणारी गल्ली यांतून बोलणारी बाई मात्र हरवली असती. कष्टाचे वर्णन त्यांच्या गाण्यांत तक्रार म्हणून येत नाही, तसेच ते व्रत म्हणूनही येत नाही. काम कसे करतात हे जाणणाऱ्या माणसाची ती दृष्टी आहे.

आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या परिसरासाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्यामुळे शहाद्याच्या मुलीच्या पदवी-प्रमाणपत्रावर आज शाळेची पायरी न चढलेल्या एका शेतकरी स्त्रीचे नाव असते. एका वहीचा हा प्रवास आहे. जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत ती बहिणाबाईंबरोबर गेली.

मुलाच्या नावाने ओळखली जाणारी आई

मराठीतील सर्वांत लोकप्रिय मातृस्मरण म्हणजे 'श्यामची आई'. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे अत्र्यांनीच त्यावर चित्रपट काढला. १९५४ मध्ये पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मान त्याला मिळाला. या पुस्तकाने मराठी मनावर केलेल्या संस्काराबद्दल दुमत नाही. परंतु शीर्षकाकडे लक्ष दिल्यास जाणवते की आई तेथे श्यामची आहे. त्यांचे नाव यशोदाबाई होते, हे सांगणारे वाचक थोडे सापडतील. खेडोपाडी आजही बाईला 'अमक्याची माय' अशीच हाक मारतात. त्यात जिव्हाळा असतो. पण एक पिढी उलटली की नातवाला आजीचे माहेरचे नाव ठाऊक नसते, आणि पणजीचे तर कोणतेच नाव ठाऊक नसते.

पतीचे चरित्र लिहिताना

आत्मकथनांकडे वळल्यास आणखी एक बाब दिसून येते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह, न्यायमूर्तींनी सुरू केलेले शिक्षण आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष हे सारे त्यात तपशिलाने आले आहे. ग्रंथ १९०१ मध्ये न्यायमूर्तींच्या निधनाशी थांबतो. पुण्याची सेवासदन संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत रमाबाईंनी ती वाढविली. परिचारिका, शिक्षिका, स्वावलंबी विधवा यांची एक पिढी तिच्यातून घडली. ज्या कार्यामुळे त्या इतिहासात राहिल्या, ते त्यांच्या आठवणींत नाही. शीर्षकातील 'आमच्या' हा शब्द पुरेसा बोलका आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची हकीकत याच्या उलट घडली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्यात, अशी पुत्र देवदत्त यांची अपेक्षा होती. लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि चरित्रनायकाच्या जोडीला त्या स्वतःच ग्रंथभर वावरू लागल्या. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेला विरह, पुढे १९०० मध्ये स्वतः केलेले धर्मांतर, दारिद्र्य, आणि घरात आणून वाढवलेली परकी मुले : हे सर्व त्या हसत सांगतात. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले हे लेखन आजही ताजे वाटते. पती त्यात थोर आहेतच, पण विसरभोळे, तापट आणि संसारात अव्यवहारीही आहेत. त्यांच्याविषयीचा आदर त्यामुळे तसूभरही घटत नाही. श्रद्धांजली लिहिणाऱ्याला हा धडा घेण्यासारखा आहे.

महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई (बाया) यांच्या 'माझे पुराण' (१९४४) या आत्मवृत्तात संस्थेसाठी झिजणाऱ्या पतीचा संसार कसा चालवावा लागला ते वाचावयास मिळते. संस्थेच्या अहवालांत अशा गोष्टींना जागा नसते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) हे आत्मकथन तर किराणा दुकान सांभाळत, घरच्यांच्या नजरेआड लिहिले आणि वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ज्या कुटुंबासाठी स्त्री झिजते तेच कुटुंब काही वेळा तिच्या लेखणीवरील पहारेकरी असते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

शहादा परिसर : नावे नसलेल्या स्त्रिया

आता पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याकडे वळू. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शहादा-तळोदा भागात भिल्ल आदिवासींचे जमीन व मजुरीच्या प्रश्नावर आंदोलन उभे राहिले. अंबरसिंग सुरतवंती (मृत्यू १९७४) हे त्याचे अग्रणी होत. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. ती दुष्काळाची वर्षे होती. मोर्चे आणि संप यांत स्त्रिया आघाडीवर राहिल्या. पुढे त्यांनी दारूचा प्रश्न स्वतःच हाती घेतला. गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. मजुरीचा लढा घराच्या उंबऱ्याच्या आत नेण्याचे काम या स्त्रियांनी केले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने त्यावर लिहिले आणि भारतीय स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचा उल्लेख आवर्जून होऊ लागला.

मात्र त्या इतिहासात या स्त्रिया बहुतांशी 'आदिवासी स्त्रिया' अशा समूहवाचक शब्दानेच येतात. पुढाऱ्याचे नाव राहते, संघटनेचे राहते. मडके फोडणारा हात कोणाचा, रात्रीच्या बैठकीला जाताना तिने मूल कोणाकडे ठेवले, परतल्यावर घरात काय झाले, हे राहत नाही. कुटुंब आणि समाज या दोहोंसाठी एकाच वेळी झिजणे म्हणजे काय, याचे उत्तर याच तपशिलात होते.

साखर कारखान्यांच्या व्यवस्थेत हे नाव-विलोपन हिशेबाच्या भाषेतच बसलेले आहे. महाराष्ट्रात ऊसतोडीचा करार 'कोयता' या एककावर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे असते. मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी, पहाटे कोपीवर भाकरी थापणारी स्त्री नोंदवहीत अर्ध्या कोयत्याच्या रूपाने असते आणि नावाने नसते. शासकीय नोंदींत अलीकडे काही बदल झाला आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी घेतला. पुढच्या पिढीला त्याचा लाभ होईल. मागच्या पिढीसाठी दुसरे मार्ग शोधावे लागतील.

नोंद कशी करावी

असे मार्ग मराठीत यापूर्वी चोखाळले गेले आहेत. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. तोपर्यंत या स्त्रिया सभांच्या वृत्तान्तात 'महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' एवढ्याच रूपात होत्या. हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या प्रकल्पाचे मोल संख्येइतकेच पद्धतीतही आहे, कारण ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदविले गेले. लोकसाहित्य 'लोकांचे' म्हणून निनावी ठेवण्याच्या सवयीला हा मोठाच छेद होता.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून असे काम करून घेताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. 'तुमचे आयुष्य कसे गेले?' या प्रश्नाला 'गेलं बापा, देवाच्या दयेनं' याहून वेगळे उत्तर येत नाही. माहेरचे नाव काय होते, सासरी आल्यावर ते बदलले काय, पहिली मजुरी किती मिळाली आणि ती कोणाच्या हाती दिली, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी शेतात गेलात, गल्लीत कोणाच्या अडचणीला रात्री उठून जावे लागे, असे विचारले की बोलणे मोकळे होते. भाषा तिचीच असू द्यावी. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी जशी असेल तशी. दोन बहिणींनी एकच प्रसंग दोन प्रकारे सांगितला तर दोन्ही लिहावेत. मुलगा वा सून शेजारी बसून उत्तरे पुरवू लागल्यास ती बैठक दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी.

भांडणे, मार, कर्ज, सवतीचा प्रश्न असे विषय निघाल्यास कुटुंबाला ते छापलेले आवडत नाहीत. येथे निर्णय सांगणाऱ्या स्त्रीचा असावा, कुटुंबाचा नव्हे. तिने नको म्हटले तर ते पान वगळावे आणि हो म्हटले तर कोणाच्या प्रतिष्ठेसाठी ते वगळू नये. 'सोशिक' हा शब्द वापरण्यापूर्वी तिने काय सोसले व कोणामुळे, हे लिहिलेले असावे. ते लिहिले की बहुधा त्या शब्दाची गरज उरत नाही.

१९७२ मध्ये विशीत असलेल्या स्त्रिया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांपैकी अनेकींना वाचता येत नाही, म्हणून उतरवलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. चुकलेली नावे, राहून गेलेली माणसे आणि आधी सांगायची टाळलेली गोष्ट त्या दुसऱ्या बैठकीतच सुधारून मिळते. अशा वेळी वही आणि पेन्सिल सोबत असू द्यावी. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक प्रत तिच्या घरी, तिच्या नावानिशी ठेवावी.