टर्बो इंजिनातील धुराची गळती : निदान व दुरुस्ती

पहाटेची वेळ. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात रात्रभर उभी असलेली रुग्णवाहिका चालक सुरू करतो आणि बॉनेटखालून टक्‌टक्‌ असा बारीक, सलग आवाज येऊ लागतो. चार-पाच मिनिटांत इंजिन तापते, आवाज मावळतो आणि गाडी कामाला लागते. ‘सकाळी इंजिनात आवाज येतो’ अशी नोंद चालक लॉगबुकात करतो. पुढे सवडीने गाडी कार्यशाळेत जाते ती भर दुपारी, वीस-पंचवीस किलोमीटर धावून आल्यावर. तेथे अर्थातच काही ऐकू येत नाही. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते. काही आठवड्यांनी तीच गाडी चढावर दम टाकू लागते, डिझेल अधिक पिते, धूर सोडते. आणि मग नव्या टर्बोचार्जरच्या खर्चाचा प्रस्ताव टेबलावर येतो.

अशा प्रसंगी टर्बो पूर्णपणे निर्दोष असू शकतो. दोष असतो तो त्याच्या अलीकडील एखाद्या सांध्यात, आणि तो चालकाने पहिल्याच दिवशी ऐकलेला असतो. ग्रामीण भागात धावणाऱ्या जीपगाड्या, रुग्णवाहिका व शाळेच्या लहान बसगाड्या यांची डिझेल इंजिने आज बहुतांशी टर्बोयुक्त आहेत. त्यामुळे ज्यांच्या सहीने गाडी दुरुस्तीस जाते, त्यांनाही या दोषाची तोंडओळख असणे उपयुक्त ठरते.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे जळालेले वायू प्रथम एका समाईक भागात एकत्र येतात. ओतीव लोखंडाच्या या भागास मॅनिफोल्ड म्हणतात; काही गाड्यांत त्याऐवजी पोलादी नळ्या वाकवून व जोडून केलेला हेडर असतो. साध्या इंजिनात हे वायू तेथून सायलेन्सरमार्गे बाहेर जातात. टर्बोयुक्त इंजिनात मात्र त्यांना आणखी एक काम करावे लागते. मॅनिफोल्डला लागूनच टर्बोचार्जर बसविलेला असतो. त्यात एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरते व दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. ही फिरकी मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. वाया जाणाऱ्या धुरातील ऊर्जा अशी कामाला लावण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्यांना 1905 मध्ये मिळाले. मोटारगाड्यांत ती अमेरिकेत 1962 च्या सुमारास प्रथम आली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. टर्बोच्या पलीकडे, सायलेन्सरच्या बाजूस गळती असेल तर आवाज वाढतो व वास येतो. पण इंजिनाच्या शक्तीत फारसा फरक पडत नाही. टर्बोच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडर व टर्बो यांच्या दरम्यान गळती असेल तर चक्र फिरविणारा झोतच अपुरा पडतो. हवा कमी मिळते, चढावर गाडी ओढत नाही. जुन्या धर्तीच्या इंधनपंपाच्या इंजिनात डिझेल पूर्वीइतकेच येत राहते आणि अपुऱ्या हवेत ते अर्धवट जळून काळा धूर निघतो. नव्या, संगणकनियंत्रित इंजिनात संवेदक ही तूट ओळखतात, फलकावर दिवा लागतो आणि इंजिनाची शक्ती आपोआप मर्यादित केली जाते. दिव्याचा संकेत ‘हवेचा दाब कमी’ एवढेच सांगतो. तो कोठे व का कमी झाला हे सांगत नाही. ‘टर्बो गेला’ असा घाईचा निष्कर्ष येथेच काढला जातो.

सांधा का सुटतो

भार घेतलेल्या डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील वायूंचे तापमान सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पेट्रोल इंजिनात ते याहूनही अधिक असते. उलट, ज्या सिलिंडर हेडवर मॅनिफोल्ड आवळलेला असतो तो पाण्याने थंड राखलेला असतो. अर्धा मीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढू पाहतो. हेड तितका वाढत नाही. ही ओढाताण प्रत्येक प्रवासात होते व तिचा सर्वांत मोठा ताण दोन्ही टोकांच्या स्टडांवर येतो. म्हणून मोडलेला स्टड शोधायचा तर आधी टोकांकडे पाहावे, असे जाणते मिस्त्री सांगतात ते अनुभवाचे बोल आहेत. स्टड सैल झाला किंवा मोडला की तेथील गॅस्केटवरचा दाब जातो, फटीतून वायू निसटू लागतात आणि हळूहळू गॅस्केट जळते. पुष्कळदा मॅनिफोल्डच वाकतो किंवा त्यास तडा जातो.

यात माणसाचा हातभारही असतो. टर्बो वजनदार असतो व त्यास आधार देणारी एक पट्टी असते. मागील दुरुस्तीत ती काढून ‘नंतर लावू’ म्हणून ठेवली गेली, तर सगळा भार मॅनिफोल्डवर लटकतो. पावसाळ्यात तापल्या इंजिनाने फरशीवरील पाण्यात गाडी वेगाने घालणे, किंवा दौऱ्यावरून येताच बॉनेट उघडून थंड पाण्याचा फवारा मारणे, हेही ओतीव लोखंडास तडा जाण्याचे एक कारण होय.

प्रश्न केवळ इंधनाचा नाही. गाडीच्या आत येणारी ताजी हवा सामान्यतः समोरच्या काचेच्या पायथ्यापासून, म्हणजे बॉनेटच्या मागील कडेजवळून घेतली जाते. बॉनेटखाली गळणारा धूर त्याच वाटेने आत शिरू शकतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. डिझेलच्या धुरात त्याचे प्रमाण पेट्रोलच्या मानाने कमी असते हे खरे. परंतु डिझेलची काजळी स्वतःच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेल इंजिनाचा धूर मानवास कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. रुग्णवाहिकेत मागे निजलेला दम्याचा रुग्ण किंवा नवजात बालक यांना हा धूर किती सोसवेल, हे सांगावयास नको. प्रवासात डोके जड होणे, मळमळणे, भोवळ येणे अशी लक्षणे एकाहून अधिक व्यक्तींना जाणवली तर खिडक्या उघडाव्यात, गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे व तपासणी होईपर्यंत ती गाडी वापरू नये.

निदान थंड इंजिनावरच

टक्‌टक्‌ आवाज थंडपणी येतो व तापल्यावर जातो, याचे कारण तापलेले धातू फुगून फट तात्पुरती बुजवितात. म्हणून तपासणीसाठी गाडी आदल्या संध्याकाळीच कार्यशाळेत उभी करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करण्यापूर्वी विजेरीच्या प्रकाशात सांधे नीट पाहावेत. मॅनिफोल्ड व हेड यांच्या सांध्यावर, अथवा मॅनिफोल्ड व टर्बो यांच्या सांध्यावर, काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला तर निम्मे निदान झाले. स्टड व नट मोजावेत. जेथे आठ असावयास हवेत तेथे सात भरणे ही नवलाची गोष्ट नाही.

डोळ्यांना काही दिसले नाही तर साबणाच्या पाण्याची जुनी युक्ती कामी येते. इंजिन बंद व थंड असताना ब्लोअरची मंद हवा सायलेन्सरच्या तोंडातून आत सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. हवा मंदच हवी, कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाची नव्हे. इंजिन सुरू करून ऐकावयाचे असल्यास रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांजवळून फिरवावे. मात्र हे मोकळ्या जागेत, पंखा व पट्टे यांपासून नळी, हात व कपडे दूर ठेवूनच.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. टर्बोकडून इंजिनाकडे दाबलेली हवा नेणारे रबरी पाइप फाटले किंवा त्यांच्या क्लिपा सैल झाल्या तरी गाडी अशीच मरगळते. पण तेव्हा टक्‌टक्‌ नसते. गाडी जोर घेताना फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतो व पाइपाच्या जोडावर काजळीऐवजी तेलाचा पातळ थर दिसतो. हा दोष एका क्लिपेवरही सुटू शकतो.

दुरुस्ती

गंजलेले नट जोर लावून फिरविले की स्टड हेडमध्येच मोडतो आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, नट किंचित पुढेमागे हलवीत काढावा. स्टड मोडलाच तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून तो फिरविणे हा बहुधा सर्वांत सुरक्षित उपाय. खुंट आतच राहिला तर बरोबर मध्यावर छिद्र पाडून काढावा लागतो, आणि तेथे कसबी हात हवा.

मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या बसण्याच्या पृष्ठावर सरळ पोलादी पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा ती अधिक असेल तर पृष्ठ यंत्रावर सपाट करून घ्यावे. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवे गॅस्केट चढविणे म्हणजे दोन-चार महिन्यांनी तेच बिल पुन्हा भरणे. तडा गेलेला ओतीव मॅनिफोल्ड वेल्ड करता येतो, पण त्यासाठी तो आधी तापवून, निकेलयुक्त रॉड वापरून, नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करावा लागतो. रस्त्याकडेच्या दुकानात दहा मिनिटांत मारलेले वेल्डिंग बहुधा शेजारीच पुन्हा तडकते. शक्य तेथे मॅनिफोल्ड बदलणेच परवडते.

गॅस्केट दर वेळी नवेच घालावे. सांध्यास सिलिकॉनची पेस्ट फासण्याची सवय येथे विशेष घातक आहे. ती या उष्णतेत टिकत नाही, आणि तिचा सुटलेला तुकडा टर्बोच्या चक्रावर जाऊन आदळला तर चांगला टर्बोही निकामी होतो. नट व स्टड मूळ प्रतीचे, उष्णता सोसणारे असावेत. साधे बोल्ट येथे चालत नाहीत. मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापाइतके आवळावे. आधाराची पट्टी व उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा जागेवर बसला की नाही हे बिल मंजूर करणाऱ्याने स्वतः पाहावे. नेमक्या याच दोन वस्तू कार्यशाळेच्या कोपऱ्यात राहून जातात. टर्बो खाली उतरविला असेल तर पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यात स्वच्छ तेल घालणे आवश्यक असते.

यानंतर गाडी ताब्यात घ्यावी ती लगेच नव्हे. एक फेरी मारून ती पुन्हा रात्रभर उभी ठेवावी आणि पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, ज्याने तक्रार नोंदविली त्या चालकाच्या समक्षच सुरू करावी. टक्‌टक्‌ थांबली असेल आणि सांध्यावर नवी काजळी नसेल, तर लॉगबुकातील त्या पहिल्या नोंदीसमोर दुरुस्तीचा शेरा लिहिण्यास हरकत नाही.