पिले देणारे मासे

मासे अंडी घालतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मग गप्पीच्या मादीच्या पोटातून एकामागून एक जिवंत पिले बाहेर पडताना दिसली, तर पुस्तक खोटे म्हणायचे का? तसे नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या माशांची अंडी मादीच्या पोटातच फलित होतात आणि तेथेच वाढतात. गप्पीच्या गर्भाचे पोषण मुख्यतः अंड्यातील पीतकावर होते. आई त्याला आसरा व प्राणवायू पुरविते. अशा प्राण्यांना अंडजरायुज म्हणतात.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला व त्रिनिदाद बेटावरचा. तेथून नमुने पाठविणाऱ्या रॉबर्ट लेचमिअर गप्पी यांचे नाव ग्युंथर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये त्याला दिले. खरे तर पीटर्स यांनी १८५९ मध्येच या माशाचे वर्णन केलेले होते. त्यामुळे शास्त्रीय नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी गप्पी तो गप्पीच राहिला!

नर लहान व रंगीत असतो, मादी मोठी व करडी. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. गाभण मादीच्या पोटावर शेपटीच्या बाजूस गडद डाग दिसतो.

हौशी मुले पेटी आणि मासे एकाच दिवशी आणतात आणि आठवड्याभरात मासे मरू लागले की दुकानदाराला दोष देतात. कारण बहुधा पाण्यातच असते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. अमोनिया विषारी आहे. तळ्यात सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र थोडे असल्यास मासे सहन करतात. नव्या पेटीत हे जंतू पुरेसे नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभी दोन-तीनच मासे सोडा, खाणे अगदी थोडे घाला. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला; सगळे पाणी बदलून वाळू खसखसून धुतलीत, तर जंतूही गेलेच. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की त्यातला क्लोरीन बहुतांशी निघून जातो. विहिरीच्या जड पाण्याची भीती नको, गप्पीला ते मानवते.

पिले जन्मतःच पोहू लागतात, आणि त्यांना पोहावेच लागते, कारण आईच त्यांना गिळते! पेटीत दाट पाणवनस्पती असल्या की बरीच पिले वाचतात. त्यांना कोरडे खाद्य बोटांनी पीठ करून दिवसातून तीन-चार वेळा चिमूट चिमूट द्या.

आता एक प्रयोग. गाभण मादी वेगळ्या पेटीत एकटी ठेवा. पिले झाली की तारीख व संख्या वहीत लिहा आणि पिले दुसरीकडे हलवा. सुमारे महिन्याने, जवळ नर नसतानाही, तिला बहुधा पुन्हा पिले होतील. एकदा मिळालेले शुक्राणू मादी कित्येक महिने शरीरात जिवंत साठवून ठेवते. असे किती वेळा घडते, ते तुमची वहीच सांगेल.

मात्र हिशेबही करा. एका वेळी तीस पिले धरली, तर तीन महिन्यांत नव्वद; तोवर पहिल्या खेपेतील माद्याही पिले देण्याच्या बेतात येतात. पेटी अपुरी पडते आणि कोणीतरी सुचविते, “नदीत सोडून दे.” हे मुळीच करू नका. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे हिवताप प्रतिबंधासाठी गप्पी मासे सोडले जातात, हे खरे. पण कोठे सोडायचे ते आरोग्य खात्याने ठरवावे. ओढ्यात शिरलेला गप्पी तेथल्या मूळच्या लहान माशांच्या अन्नात वाटेकरी होतो, आणि त्याला परत बाहेर काढणे कोणालाच जमत नाही. आपल्या ओढ्यांतही अळ्या खाणारे छोटे देशी मासे आहेतच.

जास्तीचे मासे मित्रांना किंवा शाळेच्या पेटीला द्या. एवढी खटपट नको असेल, तर सुरुवातीलाच नुसते नर आणा. रंग तर त्यांचेच अधिक सुंदर असतात.