दगड तोच, मागणं वेगळं

चिनी थडग्यांतला जेड म्हटला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोन्याच्या तारेनं शिवलेला तो पोशाख उभा राहतो. हजारो चकत्या, डोक्यापासून तळपायापर्यंत झाकलेला राजपुत्र, आणि देह कधी कुजू नये ही त्यामागची आस. हे चित्र खोटं नाही, पण एका फार लांबलचक कथेच्या अगदी शेवटचं आहे. त्याआधीची किमान पाच हजार वर्षं तिथली माणसं आपल्या मृतांसोबत जेड पुरत होती, आणि त्यातल्या बऱ्याच काळात देह टिकवायचा विचार कुणाच्या मनात असल्याचं दिसत नाही. हा सगळा काळ सलग नजरेखालून घातला, तर मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दगड तोच राहिला. माणसं त्याच्याकडे जे मागत होती ते बदलत गेलं, आणि बदलता बदलता लहान होत गेलं.

हा दगड म्हणजे नेफ्राइट. हिरवा, पांढरा, पिवळसर, कधी काळपट. त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यातल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो सहजी फुटत नाही. पोलादी चाकूनंही त्याच्यावर धड ओरखडा उठत नाही. त्यामुळे जेड छिन्नीनं कोरता येत नाही, तो झिजवावा लागतो. दोरी किंवा दगडी पाती, पाणी आणि गारगोटीची कठीण वाळू एवढ्या सामग्रीवर दिवसेंदिवस घासत राहायचं. धातूची हत्यारं हातात येण्याच्या कितीतरी आधी हे काम सुरू झालं होतं. एखादी साधी कडी घडवायलाही किती श्रम पडत असतील याचा अंदाज केला, म्हणजे ती वस्तू मातीत पुरून टाकण्यात केवढा त्याग होता हे कळतं.

सुरुवात उत्तरेकडे झाली. आजच्या इनर मंगोलियातल्या शिंगलोंगवा संस्कृतीच्या वसाहतींत, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत, मृताच्या कानांपाशी एका बाजूला चीर असलेल्या जेडच्या कड्या सापडल्या. ते दागिने होते, यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही. पण पुढे त्याच भागात फोफावलेल्या होंगशान संस्कृतीत चित्र पालटलं. ल्याओनिंग प्रांतातल्या न्यूहल्यांग इथे टेकड्यांवर दगड रचून केलेली थडगी आहेत. तिथल्या मानाच्या थडग्यांत भांडी नाहीत, हत्यारं नाहीत. आहे तो बहुतांशी फक्त जेड. 1984 मध्ये उघडलेल्या एका थडग्यात सांगाड्याच्या छातीवर जेडचे दोन प्राणी ठेवलेले होते. वेटोळं घातलेलं शरीर, डुकरासारखं नाक, मोठाले डोळे. अभ्यासक त्यांना वराह-ड्रॅगन म्हणतात. डोक्याखाली खुराच्या आकाराची जेडची नळी होती. घरात वापरायचं काहीच सोबत दिलेलं नाही, दिलं आहे ते केवळ विधीचं. या माणसाला मेल्यानंतर जेवायचं नव्हतं की लढायचं नव्हतं. त्याच्याकडे काही वेगळंच काम होतं, असं ती मांडणी पाहून वाटतं.

हे काम काय असावं, याची सर्वांत जवळची झलक दक्षिणेला, यांगत्सेच्या मुखाजवळच्या ताइहू सरोवराच्या परिसरात मिळते. इ.स.पू. 3300 ते 2300 या काळात इथे ल्यांगचू संस्कृती नांदत होती. भातशेती, धरणं, कालवे, तटबंदीचं शहर, असा तिचा पसारा. आणि जेड एवढा, की जगात त्या काळी दुसरीकडे कुठे एका ठिकाणी इतका घडवला गेला नसावा. दोन आकार पुन्हा पुन्हा येतात. ‘बी’ म्हणजे मधोमध भोक असलेली सपाट तबकडी. ‘त्सोंग’ म्हणजे बाहेरून चौकोनी ठोकळा आणि आत आरपार गेलेली गोल पोकळी.

1986 मध्ये झेजियांगमधल्या फानशान इथे पुरातत्त्वज्ञ वांग मिंगदा यांच्या पथकानं राजघराण्याची म्हणता येईल अशी स्मशानभूमी उघडली. तिथल्या 12 क्रमांकाच्या थडग्यातून निघालेला त्सोंग साडेसहा किलोंचा आहे. उंची नऊ सेंटिमीटरला जेमतेम कमी, रुंदी मात्र सतरा सेंटिमीटरच्या वर. त्याच्या चारही बाजूंच्या मधल्या खोलगट पट्टीत एकावर एक अशी दोन चित्रं, म्हणजे एकूण आठ. प्रत्येक चित्र आगपेटीहून लहान. त्यात पिसांचा भलामोठा मुकुट घातलेला एक माणूस आहे, त्याचे दोन्ही हात खालच्या एका प्राण्याला धरून आहेत, प्राण्याचे डोळे गरगरीत गोल, पायांना नख्या. भिंगाखाली पाहिलं तर एका मिलिमीटरच्या रुंदीत तीन-चार रेषा मावलेल्या दिसतात. ना लोखंड, ना कांसं, ना भिंग. कशानं ओढल्या असतील त्या रेषा, यावर आजही वाद चालतो. आणि ही नक्षी लांबून दिसतच नाही. ती लोकांना दाखवण्यासाठी कोरलेली नव्हती. ज्याच्यासाठी कोरली, त्याला ती दिसणार याची कारागिराला खात्री असली पाहिजे.

जिआंग्सू प्रांतात सिदुन इथलं एक थडगं याहून चक्रावणारं. विशीच्या आसपासच्या एका तरुणाच्या देहाभोवती, खाली आणि वर 24 बी आणि 33 त्सोंग मांडलेले. त्यांतल्या काहींवर भाजल्याच्या खुणा. दफनाच्या वेळी जाळ केला गेला होता, आणि त्या आगीतच काही जेड पडला असावा. एवढ्या तरुण माणसाला एवढं वैभव स्वतःच्या कर्तबगारीवर मिळालेलं नसणार. त्याचा मान जन्माचा होता किंवा त्याच्याकडे असलेल्या विधीच्या अधिकाराचा. देवाशी बोलणारा माणूस गेला, तर त्याची सगळी साधनं त्याच्यासोबत गेली, असं मला हे थडगं वाचावंसं वाटतं. इथे जेड देहाचं रक्षण करायला नाही. देह तर त्या दमट मातीत पार विरून जातो, आणि त्याची कुणाला फिकीर दिसत नाही. जेड आहे तो साऱ्या समाजाच्या वतीनं वरच्या शक्तींशी नातं ठेवण्यासाठी.

पुढे ल्यांगचूचं शहर ओस पडलं. त्याच्या अवशेषांवर पुराच्या गाळाचा थर आहे. वस्तू मात्र हिंडत राहिल्या. 2001 मध्ये सिचुआनमधल्या चंगदू शहरात जिनशा इथे उत्खनन झालं, तेव्हा ल्यांगचूच्याच हातचा एक दहा मजली त्सोंग निघाला. हजाराहून जास्त किलोमीटर आणि हजाराहून जास्त वर्षं ओलांडून तो तिथे पोचला होता. वस्तूसोबत तिचा मूळ अर्थ पोचला असेल का? मला शंका आहे.

शंकेला कारण आहे. जेडच्या या वस्तूंचा अर्थ खुद्द चीनमध्येच फार लवकर हरवला. ल्यांगचूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी सिद्ध झालेल्या ‘झौ ली’ या विधिग्रंथात सांगितलं आहे, की निळ्या बीनं आकाशाची पूजा करावी आणि पिवळ्या त्सोंगनं पृथ्वीची. मांडणी सुबक आहे: गोल ते आकाश, चौकोनी ती धरणी. पण ही ग्रंथकारांची व्यवस्था. थडग्यांतून तिला आधार मिळत नाही. अठराव्या शतकात तर सम्राट छ्यानलोंग, जो जेडचा निस्सीम चाहता होता, प्राचीन बीला वाडग्याखाली ठेवायची बैठक समजला आणि त्यानं तिच्यावर स्वतःची कविता कोरून घेतली. त्सोंग त्याच्या दरबारात गाडीच्या दांड्याचा भाग ठरला होता. 1889 मध्ये वू दाचंग या विद्वान अधिकाऱ्यानं जुन्या जेडवरच्या आपल्या ग्रंथात वस्तू आणि ग्रंथांतली नावं यांची जोडी लावली, तेव्हा कुठे त्सोंगला त्याचं नाव परत मिळालं. तरीही तो झौ किंवा हान काळातलाच मानला जाई. 1936 मध्ये शी शिनगंग या तरुण संशोधकानं आपल्या गावाजवळ ल्यांगचूची काळी मडकी शोधली. तीनच वर्षांत तो वारला, आणि गावकरी ज्या जेडसाठी जमिनी उकरत होते त्याचा त्या मडक्यांशी असलेला संबंध त्याच्या हयातीत उलगडला नाही. 1973 साली जिआंग्सूमधल्या छाओश्येशान इथे शास्त्रीय उत्खननात नवाश्मयुगीन थडग्यातच त्सोंग मिळाला, आणि संग्रहालयांतल्या कितीतरी वस्तूंचं वय एका झटक्यात दोन-अडीच हजार वर्षांनी वाढलं.

शांग काळात, इ.स.पू. 1200 च्या सुमारास, जेड राजवाड्यातली दौलत झालेला दिसतो. आनयांगला 1976 मध्ये झंग चनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी राणी फू हाओचं थडगं उघडलं. ही राणी सैन्याचं नेतृत्व करणारी. चोरांचा हात न लागलेल्या त्या थडग्यात जेडच्या 755 वस्तू होत्या, आणि त्यांत तिच्याही काळाच्या शेकडो वर्षं आधीचे काही नग होते. म्हणजे जुना जेड जपून ठेवण्याची हौस तेव्हाच सुरू झाली होती.

पश्चिम झौ काळात, इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकाच्या आसपास, जेड पहिल्यांदा थेट चेहऱ्यावर आला. सानमेनशिया इथल्या ग्वो राज्याच्या आणि शान्शीतल्या जिन राज्याच्या सरदारांच्या थडग्यांत कापडावर शिवलेले जेडचे तुकडे मिळाले: भुवया, डोळे, नाक, तोंड, ज्याच्या त्याच्या आकाराचे. ज्या दिवशी जेड डोळ्यांच्या जागी डोळा म्हणून ठेवला गेला, त्या दिवशी त्याचं लक्ष देवाकडून देहाकडे वळलं, असं मी मानतो. या साऱ्या इतिहासातलं खरं वळण मला इथे दिसतं. पुढचे सोन्याचे पोशाख म्हणजे याच वळणानंतरचा सरळ रस्ता.

हान काळात त्या रस्त्याचं टोक आलं. माणसात दोन आत्मे असतात, एक मृत्यूनंतर वर जातो आणि एक देहापाशी राहतो, अशी तेव्हाची धारणा होती. देह नासला तर देहापाशी राहणारा बेघर होणार. म्हणून देहाची नऊ द्वारं जेडनं बंद करायची: डोळ्यांवर झाकणं, कानांत आणि नाकपुड्यांत बुचं, जिभेवर सिकाडा. सिकाडा हा कीटक जमिनीखाली वर्षानुवर्षं राहून मग वर येतो आणि जुनी कात टाकून उडून जातो. जिभेवर त्याची निवड का झाली हे वेगळं सांगायला नको. हातांत बऱ्याचदा जेडची डुकरं देत, परलोकी सुबत्ता असावी म्हणून.

1968 मध्ये हबेई प्रांतातल्या मानचंगजवळ डोंगरात सुरुंग लावताना सैनिकांना एक पोकळी लागली. आत जवळजवळ 52 मीटर लांबीचं कोरीव थडगं होतं. त्याच्या दाराशी दोन भिंती उभारून मधल्या फटीत वितळलेलं लोखंड ओतलेलं. ते होतं झोंगशानचा राजा ल्यू शंग याचं, सम्राट वूच्या सावत्र भावाचं, मृत्यू इ.स.पू. 113. शेजारच्या थडग्यात त्याची राणी दोऊ वान. त्याच्या पोशाखात जेडच्या 2,498 चकत्या आणि सुमारे 1,100 ग्रॅम सोन्याची तार. तिच्या पोशाखात 2,160 चकत्या. प्रत्येक चकती त्या त्या अवयवाच्या वळणानुसार कापलेली, कोपऱ्यांना बारीक भोकं, भोकांतून तार ओवून गाठ. राणीच्या शवपेटीला तर आतून जेडच्या 192 फळ्या बसवल्या होत्या आणि बाहेरून 26 बी जडवल्या होत्या.

ल्यू शंगच्या पोशाखात आणखी एक वस्तू आहे, आणि माझ्या मते मानचंगच्या साऱ्या वैभवात सर्वांत बोलकी तीच. त्याच्या गुप्तांगावर ठेवलेलं आच्छादन एका त्सोंगपासून बनवलेलं आहे. त्सोंग घेतला, त्याचं एक तोंड बंद केलं, झालं झाकण. ज्या आकारावर कधी काळी पिसांच्या मुकुटाचा देवमाणूस कोरला गेला, तो आता एका श्रीमंत राजाच्या देहाचं एक द्वार बुजवत होता. वापरणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नसणार. त्यांच्या लेखी जेड हा जेड होता, देह राखणारा.

आणि देह राहिला का? पोशाख उलगडला तेव्हा ल्यू शंगचा दातांच्या तुकड्यांसारखा अगदी थोडा अवशेष तेवढा हाती लागला. त्याच्याहून अर्धशतकभर आधी वारलेली दाय सरदाराची पत्नी शिन झुई मात्र 1972 मध्ये मावांगदुईच्या थडग्यातून अशी निघाली, की तिचं शवविच्छेदन करता आलं. कातडी मऊ, सांधे वाकणारे. तिच्या अंगावर जेडचा पोशाख नव्हता. होते रेशमाचे थरांवर थर, एकात एक चार शवपेट्या, भोवती कोळसा आणि पांढऱ्या चिकणमातीचं जाड लिंपण. हवा आणि पाणी आत येऊ न देणारी माती जे करून गेली, ते इतक्या श्रमाचा दगड करू शकला नाही.

हान लोकांना हे कळायला मार्ग नव्हता. उलट पहिल्या शतकात ‘लाल भुवया’ नावाच्या बंडखोरांनी राजघराण्याची थडगी फोडली, तेव्हा जेडच्या पोशाखातले देह जिवंत असल्यासारखे दिसत होते, अशी इतिहासात नोंद आहे. अशा नोंदींनी श्रद्धेला बळच मिळालं. पूर्व हान काळात तर पोशाखाची उतरंड ठरली: सम्राटाला सोन्याची तार, राजपुत्रांना चांदीची, त्याखालच्यांना तांब्याची. दूर दक्षिणेला नान्युएचा राजा झाओ मो याचा 2,291 चकत्यांचा पोशाख, जो 1983 मध्ये ग्वांगझौत सापडला, रेशमाच्या धाग्यांनी बांधलेला होता.

धातूच्या तारेनंच मग घात केला. श्यूझौजवळच्या शिझिशान इथलं चू राज्याच्या राजाचं थडगं 1990 च्या दशकात उत्खनित झालं, तेव्हा चार हजारांवर चकत्या विखुरलेल्या होत्या आणि सोनं नाहीसं झालेलं होतं. प्राचीन काळीच चोरांनी पोशाख बाहेर ओढून तार काढून घेतली आणि जेड तसाच टाकून दिला होता.

हान सत्ता कोसळल्यावर अशी लूट सर्रास झाली, आणि वै राज्याचा सम्राट छाओ फी यानं ती पाहिली होती. 222 साली त्यानं आपल्या दफनाविषयी आज्ञा लिहून ठेवली: तोंडात मोती-जेड नको, अंगावर जेडचा पोशाख नको, वर उंचवटाही नको. त्यानं कारण स्वच्छ मांडलं. न बुडालेलं राज्य नाही आणि न उकरलेलं थडगं नाही. हानच्या थडग्यांत तर लुटारूंनी सोन्याच्या तारेसाठी पोशाख जाळले, आणि सोबत हाडंही जळाली. जेड देह राखतो या समजुतीला त्यानं खोटं ठरवलं नाही. गं होंगसारखे ताओवादी पुढे चौथ्या शतकातही सोनं आणि जेड नवद्वारांत ठेवल्यानं देह कुजत नाही असं लिहीत राहिले. पण 222 नंतरच्या एकाही थडग्यात आजवर जेडचा पोशाख सापडलेला नाही.