कलम जगल्यानंतरचा हिशेब

कोकणच्या उताराच्या वरकस जमिनीत पूर्वीचा काजू बहुतेक बियांपासून उगवलेला, ज्याने त्याने आपापला वाढू दिलेला. १९९० साली महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि या उतारांची किंमत बदलली. अल्पभूधारकाला कलमे, खड्डे, खते यांसाठी शंभर टक्के अनुदान. शिवाय स्वतःच्याच रानात राबल्याची मजुरी.

ही मजुरीच योजनेचा प्राण होती. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते, हापूस पाचव्या-सहाव्या वर्षी, आणि भरघोस उत्पन्न त्यानंतर. तोवर चूल कशावर पेटवायची? मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. योजनेने नेमकी ती मधली वर्षे सुसह्य केली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेला काजूचा ‘वेंगुर्ला-४’ हा वाण हाताशी होताच. पुढे १९९७ मध्ये मोठ्या बीचा ‘वेंगुर्ला-७’ आला.

सामाईक सातबाऱ्यावर डझनभर नावे असलेली कुटुंबे मात्र मागे राहिली. जमीन होती, संमतीपत्रे जमत नव्हती.

बागा धरत्या झाल्या तशी जोखीमही वाढली. अवेळी पाऊस मोहोर झाडतो, तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी फवारण्या वाढतात. खर्च झेपत नाही म्हणून अनेक लहान बागायतदार झाडे कराराने देतात. रोख आधी मिळते, पण चांगल्या हंगामाचा नफा करार घेणाऱ्याकडे जातो. काजू बीचा दर आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजूच्या आयातीने दबतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाने दापोली, मंडणगड आणि रायगडात जुनी झाडे मुळासकट पाडली. अशा झाडाची भरपाई एका हंगामाच्या मदतीने होणार कशी?

२०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेने आणखी शेतकऱ्यांना दार उघडले, हे चांगलेच झाले. पण तिचेही अनुदान तीन वर्षांत संपते. पिकाचा पैसा मात्र त्यापुढे, गोदामात आणि प्रक्रियेत ठरतो. साठवण असेल तर बी पडत्या दरात विकावी लागत नाही. दुसरा प्रश्न प्रक्रियेचा. काजूची बी ज्या रसाळ फळाला लागते, त्या बोंडूचे वजन बीच्या कितीतरी पट असते. गोव्यात त्याची फेणी होते, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. सिंधुदुर्गात तोच बोंडू बी काढून घेतल्यावर बहुतांशी झाडाखाली कुजतो. पुढचे सरकारी पैसे खड्ड्यांइतकेच या बोंडूवरही खर्च व्हायला हवेत.